रोजच्या प्रवासासाठी जुनी हायब्रिड मोटार : घेण्यापूर्वी काय पाहावे?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत मोटारीविषयीचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. अशा अंकांत थोरांच्या आठवणी, संस्थेची वाटचाल आणि विद्यार्थ्यांचे यश यांस मानाचे पान मिळते व ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर अशा संस्था उभ्या राहतात, त्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठी रक्कम आज कशात गुंतते असे विचारले, तर पुष्कळ ठिकाणी मोटारीचेच नाव येते. आमच्या बेळगावकडील शिक्षक, बँकेतील कर्मचारी, इस्पितळातील परिचारिका, उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणारी मंडळी यांपैकी कितीतरी जण रोज खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूंस ये-जा करतात. त्यांच्या पगारातील मोठा हिस्सा पेट्रोलपंपावर जातो. मुलांची मुले-माणसे हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे नोकरीस आहेत. त्यांचे तर तासन् तास रहदारीत उभे राहण्यात जातात.

अशा वेळी कोणीतरी सांगतो, "सर, हायब्रिड घ्या. सेकंडहँड बाजारात आता मिळू लागल्या आहेत. अॅव्हरेज दीडपट." सल्ला वाईट नाही, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग आम्ही येथे मांडू इच्छितो. आमचा व्यवसाय शिकवण्याचा, मोटारी विकण्याचा नव्हे. त्यामुळे कोणतीही एक गाडी खपवण्याचा हेतू यात नाही. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की, जुनी हायब्रिड घेणाऱ्याने तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात : वाट आपली, प्रकृती गाडीची आणि कागद सरकारचे. यांपैकी एकीतही खोट असेल, तर वाचलेले पेट्रोल ती भरून काढीत नाही.

हायब्रिड म्हणजे काय?

सायकलवर बसून चढ चढलेला विद्यार्थी उतारावर ब्रेक दाबत खाली येतो, तेव्हा चढावर त्याने खर्चिलेली शक्ती ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन नाहीशी होते. साध्या मोटारीत हेच दिवसातून शेकडो वेळा घडते. पेट्रोल जाळून वेग आणावयाचा आणि सिग्नल आला की तो ब्रेकमध्ये जाळून टाकावयाचा, असा तो व्यवहार आहे. शिवाय गाडी उभी असता इंजिन चालूच राहते, त्याचे पेट्रोल वेगळेच.

हायब्रिड मोटारीत पेट्रोलच्या इंजिनाजोडीला विजेची मोटर व एक बॅटरी असते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलट जनित्राचे काम करते आणि गाडीच्या वेगातील शक्तीचा काही भाग वीज करून बॅटरीत साठवते. पुढे निघताना ती वीज कामास येते. सिग्नलला इंजिन बंद राहते. संथ रहदारीत काही अंतर गाडी केवळ विजेवर सरकते. या गाडीस भिंतीतील प्लग लावावा लागत नाही. तिची वीज तिच्यातच तयार होते. म्हणून तिची बॅटरीही लहान असते. टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर व मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या पूर्ण हायब्रिड गाड्यांत ती अवघी ०.७६ किलोवॉट-तासांची आहे. निव्वळ विजेच्या मोटारीतील बॅटरी याच्या कित्येक पट मोठी असते.

या गाड्यांचे इंजिनही थोडे निराळ्या पद्धतीने, अॅटकिन्सन चक्रावर, चालते. त्यात जळलेल्या वायूस प्रसरण पावण्यास अधिक वाव दिलेला असतो. त्यामुळे जोर थोडा कमी, पण पेट्रोलची बचत अधिक. जोराची उणीव विजेची मोटर भरून काढते. ही कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास इंजिन व वीज यांची जोड देऊन गाडी केली होती. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली हायब्रिड, टोयोटा प्रियस, डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. आपल्याकडे मध्यम वर्गाच्या आवाक्याजवळ ही गाडी यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात होंडा सिटी ई:एचईव्ही आणि सप्टेंबरात हायरायडर व ग्रँड व्हिटारा आल्या. पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आणि २०२३ च्या जुलैत तिची भावंड मारुती इन्व्हिक्टो आली. आज जुन्या बाजारात ज्या दिसतात, त्या मुख्यतः याच.

नावाची हायब्रिड आणि कामाची हायब्रिड

येथेच पहिली फसगत संभवते. २०१५ पासून मारुतीच्या सियाझ, अर्टिगा इत्यादी काही गाड्यांवर 'हायब्रिड' या अर्थाची अक्षरे आली. ती खोटी नव्हेत. पण त्या सौम्य हायब्रिड होत. त्यांत पट्ट्याने इंजिनास जोडलेले एक लहान यंत्र असते. ते सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करते व वेग घेताना थोडा हातभार लावते. केवळ विजेवर ती गाडी एक पाऊलही चालत नाही. पेट्रोलची बचत होते, पण अल्प. विकणारा मात्र दोहोंनाही 'हायब्रिड' म्हणूनच हाक मारतो, आणि किंमत कामाच्या हायब्रिडची सांगतो.

हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या गाड्यांत तर गोंधळ अधिक. कारण एकाच नावाखाली, एकाच आकारात, सौम्य व पूर्ण असे दोन्ही प्रकार विकले गेले आहेत. कंपनीच्या चाचणीत पूर्ण हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर मिळाले. सौम्य प्रकारातील हातगिअरच्या ग्रँड व्हिटाराला २१.११. नाव एक, पण जात वेगळी!

ओळखण्याची रीत सोपी आहे. क्लचचे पेडल असेल तर ती पूर्ण हायब्रिड नव्हे, हे निश्चित. पण क्लच नाही एवढ्यावरून ती पूर्ण हायब्रिड ठरत नाही. साधी ऑटोमॅटिकही असू शकते. खरी कसोटी अशी : गाडी चालू करण्याचे बटण दाबावे. पूर्ण हायब्रिडमध्ये समोर गाडी तयार असल्याची खूण उमटते, आणि इंजिन गरम व बॅटरी भरलेली असेल तर ते गप्पच राहते. मग ब्रेकवरचा पाय हलकेच उचलावा. आवाजाविना गाडी पुढे सरकली, म्हणजे ती कामाची हायब्रिड. आरसी बुकात 'हायब्रिड' हा शब्द आहे, एवढ्यावर विसंबू नये.

वाट आपली

आता मुख्य प्रश्न. हायब्रिडची बचत प्रामुख्याने ब्रेकमधून व उभ्या रहदारीतून येते. जेथे ब्रेक वारंवार लागत नाही, तेथे साठवायला शक्ती कोठली? म्हणून गाडी पाहण्यापूर्वी आपली वाट पाहावी. एक आठवडाभर रोजचे किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि त्यांतील किती रहदारीत गेले व किती मोकळ्या रस्त्यावर, तेही लिहावे.

नमुन्यादाखल हिशेब करू. पेट्रोलचा दर सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरू, आणि तेवढ्याच वयाच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग मिळते असे मानू. वाचकांनी येथे आपल्या गावचे आकडे घालावेत.

पहिला गृहस्थ हैदराबादेत रोज ५० किलोमीटर, बहुतांशी खच्चून भरलेल्या रस्त्यांवरून जातो. महिन्यास २५ दिवस धरता वर्षाचे १५,००० किलोमीटर होतात. साधी गाडी त्याला लिटरमागे १४ किलोमीटर देते व हायब्रिड २१, असे धरू. पहिलीला १,०७१ लिटर लागतील, दुसरीला ७१४. वर्षाची बचत ३५७ लिटर, म्हणजे ३५,७०० रुपये. अडीच लाख फिटण्यास सात वर्षे.

दुसरा गृहस्थ तेवढेच किलोमीटर, पण बेळगाव-निपाणीसारख्या मोकळ्या महामार्गावर करतो. तेथे साधी गाडीही १८ देते आणि हायब्रिड २१. बचत ११९ लिटर, म्हणजे ११,९०० रुपये. अडीच लाख फिटण्यास एकवीस वर्षे!

तिसरा गृहस्थ शहरातच, पण रोज २० किलोमीटरच फिरतो. त्याचे वर्षाचे ६,००० किलोमीटर. बचत १४३ लिटर, १४,३०० रुपये. फेड होण्यास सतरा वर्षांहून अधिक.

यावरून निष्कर्ष उघड आहे. रोजचे अंतर मोठे आणि रहदारी दाट, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच हायब्रिडची जादा किंमत पेट्रोलमधून वसूल होते. दुसऱ्या व तिसऱ्या गृहस्थाने हायब्रिड घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. शांतपणा, गिअर बदलण्याची कटकट नसणे, धूर कमी, याही गोष्टी मोलाच्या आहेत. पण त्यासाठी आपण पैसे मोजतो आहोत हे जाणून मोजावेत; 'पेट्रोलमध्ये वसूल होईल' अशी मनाची समजूत घालून नव्हे. आणि किमतीतील फरक अडीच लाखांऐवजी लाखावर आला, तर तोच हिशेब पुन्हा मांडावा, उत्तर बदलेल.

बॅटरीची भीती

जुन्या हायब्रिडचे नाव काढले की पहिला आक्षेप बॅटरीचा येतो. मोबाइलची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते, मग ही कशी टिकेल, असा प्रश्न. पण मोबाइलची बॅटरी आपण रोज तळापर्यंत रिकामी करून पुन्हा काठोकाठ भरतो. हायब्रिडचे यंत्र बॅटरीस तसे करू देत नाही. ते तिला मधल्या पट्ट्यातच खेळवते, पूर्ण भरत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. तिचे आयुष्य वाढते ते याच संयमामुळे. हायरायडर, ग्रँड व्हिटारा व सिटी यांत लिथियम-आयनची बॅटरी आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल-हायड्राइडची.

या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीस कंपन्यांनी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तेथपर्यंत हमी दिली आहे. 'जे आधी होईल' हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. २०२२ च्या अखेरीस प्रथम विकलेल्या गाडीची हमी वर्षांच्या मोजणीने २०३० च्या अखेरपर्यंत पोचते. परंतु तिचे ७०,००० किलोमीटर झाले असतील आणि नवा मालक रोज शंभर किलोमीटर, म्हणजे वर्षाला ३०,००० चालवणार असेल, तर उरलेले ९०,००० किलोमीटर तीन वर्षांतच संपतील. हमी वर्षांत किती उरली हे विकणारा सांगतो. किलोमीटरांत किती उरली हे घेणाऱ्याने मोजावे. हमी दुसऱ्या मालकास कोणत्या अटींवर मिळते, मधल्या सर्व्हिसिंग चुकल्या असल्यास काय होते, बाहेरून वायरिंग केले किंवा गॅसचे किट बसवले असल्यास ती टिकते का, हे अधिकृत वर्कशॉपकडून चासी नंबर देऊन लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर जाऊ नये.

याउलट दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कॅमरी हायब्रिडसारख्या मोठ्या गाड्या कधी कधी फार स्वस्तात दिसतात. ती गाडी आपल्याकडे २०१३ पासून विकली जाते. त्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षे केव्हाच सरली. रुबाबापायी अशी गाडी घेणाऱ्याने बॅटरी बदलण्याचा खर्च आधी विचारून तो गाडीच्या किमतीत मिळवावा, आणि मगच ती स्वस्त की महाग ते ठरवावे.

बॅटरीचे दोन शत्रू : उष्णता व दीर्घकाळ उभे राहणे. पुष्कळ गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी आतील हवा ओढून घेणारी जाळी असते. ती कोठे आहे हे गाडीबरोबरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि ती धुळीने, कापडाने किंवा सामानाने बुजलेली नाही ना, हे डोळ्यांनी बघावे. वर्षभर अंगणात झाकून ठेवलेली, 'अगदी कमी चाललेली' गाडी हायब्रिडच्या बाबतीत सर्वात चांगली असतेच असे नाही. आणखी एक : हायब्रिडमध्ये साध्या गाडीसारखी बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती उतरली की गाडी चालूच होत नाही, आणि अजाण माणसास वाटते की मोठी बॅटरी गेली. दोहोंचा खर्च फार वेगळा. म्हणून निदान नीट करून घ्यावे.

प्रकृती गाडीची

गाडी पाहायला सकाळी जावे व आपण येईपर्यंत ती चालू करू नये असे मालकास आधी सांगावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम असेल, तर थंड इंजिनाचा पहिला आवाज लपवण्याचा बेत असू शकतो. नंतर किमान अर्धा-पाऊण तास चालवावी. गल्लीला एक फेरी मारून परत येणे ही परीक्षा नव्हे. गर्दीतून न्यावी, एखाद्या चढावर न्यावी, मोकळ्या रस्त्यावरही न्यावी. वातानुकूलन चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे पाहावे.

या वेळी बॅटरीचा काटा पाहण्याचे काम बरोबरच्या माणसाकडे द्यावे. तो संथपणे वरखाली होणे हे लक्षण चांगले. क्षणात भरलेला आणि क्षणात रिकामा असा उड्या मारत असेल, किंवा गरम झालेले इंजिनही गर्दीत बंद व्हायला तयार नसेल, तर बॅटरीचा जोर ओसरल्याची शंका घ्यावी. ब्रेक दाबताना झटका किंवा घासल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. विजेची मोटर बरेचसे ब्रेकचे काम करीत असल्याने या गाड्यांचे ब्रेक-पॅड टिकतात. पण त्याच कारणाने, कमी वापरलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकीही पाहावी. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत ती इंजिनाच्या रेडिएटरहून वेगळी असते. मात्र बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या ज्या जाड केबल दिसतील, त्यांस हात लावू नये. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. ते काम शिकलेल्या कारागिराचेच.

यानंतर, सौदा पक्का करण्यापूर्वी, गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन संगणकावर तपासून घ्यावी. बॅटरीच्या निरनिराळ्या भागांतील दाब सारखा आहे का, जुने दोष नोंदले गेले आहेत का, की ते नुकतेच पुसले आहेत, हे तेथे कळते. तपासणीचे काही हजार रुपये जड वाटू नयेत. आमच्या गल्लीतला मिस्त्री कितीही हुशार असला, तरी त्याच्याकडे ते यंत्र व ते शिक्षण नसेल, तर त्याने दिलेली 'एक नंबर' ही पावती इंजिनापुरतीच खरी मानावी. ज्या मालकाने तपासणीस नकार दिला, त्याचा चहा घ्यावा आणि नमस्कार करून उठावे. त्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. तारीख व किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत ना, हे पाहिले की मीटर मागे फिरवल्याची चोरी उघडी पडते. कंपनीने सुधारणेसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही होती काय, तेही विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकाच्या कामासाठी ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांतील काही गाड्या अशा बोलावल्या गेल्या होत्या.

पुराच्या पाण्याविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरात, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत, ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विजयवाड्यात पाणी शिरले व मोटारी बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत जातात. साध्या गाडीस पाणी वाईट. हायब्रिडच्या विजेच्या अंगास तर ते घातकच. सीटचा पट्टा अखेरपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजले आहेत का, पायाखालच्या गालिच्यास कुबट वास येतो का, डिकीत स्पेअर चाकाच्या खोबणीत गाळ आहे का, हे पाहावे. विमा कंपनीकडे मागील दाव्यांची विचारणाही करावी. पाण्यातून गेलेली हायब्रिड निम्म्या किमतीतही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डिकी उघडली आहेच तर तीही मापून घ्यावी. बॅटरीस जागा दिल्याने ती लहान झालेली असते. साध्या होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिड सिटीची ३०६. सणासुदीस गावी जाणाऱ्या कुटुंबास हा फरक जाणवतो.

कागद सरकारचे

आम्हा सीमाभागातील लोकांस हा भाग सर्वांत महत्त्वाचा. कोल्हापूर तीन तासांच्या आत, गोवा घाटाखाली. जुन्या गाड्या पाहायला आपण सहज तिकडे जातो. एम.एच. किंवा जी.ए. पासिंगची गाडी बेळगावच्या गाडीपेक्षा स्वस्त वाटते व आपण हरखतो. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास तिला येथील नवा नंबर घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर कर्नाटकाचा आजीवन करही भरावा लागतो. गाडीचे वय पाहून त्यात सूट असते; तरी वीस लाखांच्या आसपास मूळ किंमत असलेल्या दोन-तीन वर्षांच्या हायब्रिडवर ही रक्कम लाखांत जाऊ शकते. पूर्वीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. पण तो अर्ज तिकडे, मुदतीत, कागदांनिशी करावा लागतो, आणि हाती येईपर्यंत तो आपला नाही असेच समजावे. म्हणून सीमेपलीकडची गाडी पाहण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत त्या गाडीच्या मूळ किमतीवर व वयावर कर किती बसेल हे विचारावे. किंमत अधिक कर, हीच तिची खरी किंमत.

आवश्यक कागद असे : मूळ आरसी; दुसऱ्या राज्यातील गाडी असल्यास तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८. मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३०. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र व नमुना ३५. चालू विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी पूर्ण पैसे देऊन गाडी घरी आणली. नंतर कळले की आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेलेच नाही. गाडी दारात उभी, पण नावावर होईना. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे सात महिने अडकून पडले. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर घातला असता कर्जाची नोंद दोन मिनिटांत दिसली असती! तेथेच विमा, दाखले व थकलेले दंड कळतात. गाडी एखाद्या पोलिस प्रकरणात नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मालकी बदलल्याची वर्दी खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत द्यावयाची असते, आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी विमा कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विम्यातील दावा न केल्याची सवलत गाडीबरोबर येत नाही. ती जुन्या मालकाचीच राहते. मध्यस्थाकडून घेणार असाल, तर त्याचे अधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस परिवहन खात्याचे असे पत्र घ्यावे लागते.

किंमत ठरवताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे दर बदलले. मोठ्या हायब्रिडवरील एकूण ४३ टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला, तर लहान पेट्रोल गाड्यांवरील दर १८ टक्के झाला. विकणारा आपले जुने बिल दाखवून 'मी एवढ्याला घेतली' म्हणतो. त्याचे बिल हा त्याच्या खर्चाचा इतिहास. आपण मात्र तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तेथून खाली यावे. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते; २०२३ च्या एप्रिलपूर्वी तयार झालेल्या गाडीस ते चालते का, हे माहितीपुस्तिकेत पाहून मगच दोन सारख्या गाड्यांतून निवड करावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एखादा वर्कशॉपमध्ये काम करणारा, एखादा विम्याच्या कचेरीतला, एखादा आर.टी.ओ.चे कागद जाणणारा माणूस असतोच. संस्थेच्या कार्यक्रमांत आपण एकमेकांस भेटतो, ओळखी वाढतात; त्या ओळखींचा असाही उपयोग व्हावा. दहा वर्षांची शिल्लक घेऊन गाडी घ्यायला निघालेल्या शिक्षकाबरोबर जाणत्या माणसाने एक सकाळ घालवली, तर तीही समाजाची सेवाच होय. आणि ज्याला हिशेबाअंती असे दिसेल की आपल्या वाटेला साधी पेट्रोल गाडी किंवा चालू असलेली बसच पुरेशी आहे, त्याने निःशंक मनाने तसे करावे. त्याचेही अडीच लाख वाचलेच.